मलमलीला दाभण

जीपच्या तळातली रबरी चटई उचलली आणि खाली अंगण दिसलं. ड्रायव्हरची टाच टेकते तिथे तळहाताएवढं भोक पडलं होतं. त्यातून शहाबादी फरशी, फरशीच्या सांधीतलं हिरवं शेवाळ, शेवाळावरून सावकाश चाललेली एक गोगलगाय, सगळं विहिरीत डोकावल्यासारखं दिसत होतं. बाबा या जीपमधून एकवीस वर्षं हिंडले. हरसूलचा रस्ता, जव्हारकडचे घाट, आवणीच्या दिवसांत चिखलात रुतलेली चाकं, अर्ध्या रात्री कुणाच्या घरची अडलेली बाई घेऊन गाठलेलं नाशिक. ते गेल्यावर तीन पावसाळे ती शेडमध्ये उभी राहिली. मला वाटलं होतं, उभी आहे म्हणजे सुखरूप आहे.

त्र्यंबकच्या पावसात उभं राहणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. मृग लागला की ब्रह्मगिरी ढगात जातो आणि नवरात्रापर्यंत मधूनमधून नुसतं दर्शन देतो. मीठ ओलं, काडेपेटी ओली, दोरीवरचे कपडे आठ दिवस ओले. चार महिने इथलं लोखंड भिजत नाही असा एक दिवस जात नाही. बादलीची कडी, दाराची बिजागरी, ट्रंकेचं कुलूप, सगळ्यांवर तांबूस पूड चढते आणि बोटाला लागते. आमची शेडही मोठी नाही. चार पाइप, वर सिमेंटचे पत्रे, पश्चिमेला ताडपत्री. शेतात वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं असतं, तेवढाच या शेडचा आडोसा. वरचं पाणी अडतं, पण वाऱ्याबरोबर आडवं येणारं अडत नाही.

हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मी त्या भोकाच्या कडेकडेने पत्रा वाजवत गेलो. मडकं विकत घेताना आपण बोटाच्या पेरांनी वाजवून बघतो ना, तसंच. खणखणीत वाजला तिथे पत्रा शाबूत. बद्द आवाज आला तिथे वरचा रंग नुसता सालीसारखा उरलेला, स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत. वाजवत वाजवत तळहाताएवढं भोक हातभराचं झालं. बाजूच्या सीटखाली आणखी एक निघालं, मागच्या चाकाच्या कमानीजवळ तिसरं. खडूने सगळ्यांभोवती रेघा काढल्या. वरून बघितलं तर एखाद्या अनोळखी मुलखाचा नकाशा वाटत होता.

बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. काळीपिवळी जीपची कामं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, पण मान हलवली.

"बाबांची गाडी ना? केली असती रे. पण सिंहस्थ आलाय तोंडावर. रेलिंग, गेट, मांडवाचे सांगाडे, माझी दोन्ही पोरं रात्रीची घरी येत नाहीत. तुझं हे पत्र्याचं काम बारीक. पंधरा दिवस खाईल."

"मग काय करू, काका?"

"लहान वेल्डिंग मशीन घे आणि शीक. हात आहेत ना? आता घरच्या लाइटीवर चालणारी मशीनं मिळतात. आमच्या वेळी हे नव्हतं."

त्यांच्या वेळचं मशीन कोपऱ्यात उभं होतं. तेलात बुडालेला भला थोरला ट्रान्स्फॉर्मर, दोन फेजवर चालणारा, चाकं असलेला तरी दोन माणसांशिवाय न हलणारा. जाड केबल, पितळी जबड्याचा होल्डर. तसलंच मशीन मी लहानपणी पाहिलेलं होतं. १९९१च्या सिंहस्थाच्या तयारीत कुशावर्त कुंडाच्या बाजूला रात्री लोखंडी कठडे जोडत होते. मी दहा वर्षांचा. त्या निळ्यापांढऱ्या प्रकाशाकडे बघू नकोस, असं तीन माणसांनी सांगितलं आणि मी तासभर बघत राहिलो. देवळाचा काळा दगड त्या उजेडात क्षणभर पांढरा होई आणि पुन्हा रात्र होई. घरी येऊन निजलो आणि मध्यरात्री डोळ्यांत मूठभर वाळू ओतल्यासारखं झालं. आईने पहाटेपर्यंत गार पाण्याच्या पट्ट्या बदलल्या. तो प्रकाश बुबुळावरची नाजूक त्वचा उन्हासारखी भाजून काढतो आणि दुखणं काही तास उशिरा वर येतं, हे पुढे वाचलं. दुखणं विसरलो, पण तो उजेड विसरलो नाही. आज मशीन घ्यायचं म्हणताना छातीत जे धडधडलं, ते त्या रात्रीचं होतं.

मिस्त्रींनी दोन दिवसांसाठी त्यांचं एक लहान इन्व्हर्टर मशीन दिलं. खांद्याला लावून नेता येईल एवढं. सोबत बारा नंबरचे रॉड, म्हणजे अडीच मिलिमीटरचे, आणि सरावाला अँगलचे तुकडे. पहिल्या दिवशी रॉड चिकटायचा. चिकटला की तापून लाल व्हायचा आणि मी घाबरून होल्डर हिसडायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी हात स्थिरावला. काळ्या काचेआड एक लहानसं तळं दिसू लागलं. कामातली माणसं त्याला पाणी म्हणतात, आणि ते खरंच पाणी असतं, लोखंडाचं. ते कडेकडेने ओढत नेलं, वरची काचेसारखी खपली हातोडीने उडवली, आणि खाली नाण्यांची चळत आडवी पडावी तशी रेघ निघाली. मी आईला बोलावून दाखवली.

मग त्याच उमेदीने जीपच्या पत्र्याला रॉड टेकवला. फट् असा आवाज झाला आणि नवं भोक पडलं. अँपिअर कमी केले, तर रॉड चिकटला. वाढवले, तर पुन्हा भोक. संध्याकाळपर्यंत खडूच्या नकाशात मी सात नवी भोकं पाडली होती.

आई दारात बसून गोधडीला ठिगळ लावत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"अरे, कापड केवढं पातळ आहे ते. मलमलीला दाभण घालतोस का?"

मशीन निवडण्याबद्दल पुढच्या महिनाभरात मी दुकानदारांकडून, मिस्त्रींकडून, माहितीपत्रकांतून बरंच गोळा केलं. त्या सगळ्याचं सार आईच्या या प्रश्नात होतं. जीपचा पत्रा कुठे एक मिलिमीटर, कुठे सव्वा. एक मिलिमीटर पत्र्याला साधारण चाळीस अँपिअर पुरतात. अडीचचा रॉड साठाच्या खाली धड पेटत नाही, त्याची खुशी सत्तर-ऐंशीला. म्हणजे पत्र्याला सोसेल त्याच्या दुप्पट आग मी ओतत होतो. दोन मिलिमीटरचा रॉड लावला तर थोडं निभावतं, कसलेला हात टिपक्याटिपक्याने पत्राही सांधतो. माझा हात तसा नव्हता, आणि खाली उताणं पडून, छातीवर ठिणग्या घेत तो तसा व्हायला बराच काळ गेला असता.

नाशिकला तीन फेऱ्या झाल्या. अठ्ठावीस किलोमीटर काही लांब नाही, पण एसटीच्या खिडकीशी बसून अंजनेरीचा डोंगर मागे पडताना बघितला की मनातले हिशेब सुटे होतात. सातपूर-अंबडच्या बाजूला दुकानं पुष्कळ. तिथे कारखाने आहेत, त्या कारखान्यांच्या पाठीशी शेकडो लहान शेड आहेत, आणि जोडणं हेच त्यांचं पोट आहे. प्रत्येक दुकानात मशीनच्या कपाळावर मोठा आकडा. दोनशे. अडीचशे. काउंटरवरचा माणूस तो आकडा वाचून दाखवी आणि माझ्या चेहऱ्याकडे बघे. मी विचारायचो, "खाली किती येतं? तीस-चाळीसवर आर्क टिकतो का?" बहुतेकांना हा प्रश्न नवा होता. एकाने मात्र काही न बोलता मशीन उचललं, दुकानामागे नेलं, पत्र्याचे दोन तुकडे शिकंज्यात धरले आणि हातात वेल्डिंगची टॉर्च दिली. "बोलू नका, मारून बघा." त्या माणसाकडूनच मी शेवटी खरेदी केली.

कमाल आकड्याखाली बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, टक्क्यांत. दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन त्या ताकदीने चालेल, हे तो सांगतो. साठ टक्के म्हणजे सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विसावा. स्वस्त मशीनवर कधी वीस असतं, कधी तीस. दिवसभर गेट बनवणाऱ्याला ते परवडत नाही. पत्र्याचं काम टिपक्यांचं, एक टिपका सेकंदाचा, मग थांबायचं. माझ्यासारख्याचं मशीन तसंही दहातली आठ मिनिटं गारच असणार. इथे पैसे वाचवले तरी चालतं, असं माझं मत झालं. केबलमध्ये, अर्थच्या चिमट्यात आणि डोळ्यांच्या काचेत वाचवू नयेत. स्वस्तातल्या चिमट्याची स्प्रिंग महिन्याभरात ढिली पडते, मग आर्क थरथरतो आणि दोष आपण हाताला देतो.

घरची वीज हा वेगळा हिशेब. ऐंशी अँपिअरवर चालणारं लहान मशीन घरच्या लाइनीतून बारा-चौदा अँपिअर ओढतं, जवळजवळ मोठ्या गिझरएवढं. पंख्या-दिव्याच्या प्लगचं ते काम नव्हे. सोळा अँपिअरचा स्वतंत्र प्लग, अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि अर्थिंग पक्की. आमच्या गल्लीत दिवेलागणीला व्होल्टेज १८०पर्यंत उतरतं, तेव्हा तेवढ्यावर कोणतं मशीन तग धरतं हेही विचारून घेतलं. पाऊस आणि वीज यांच्यामध्ये उभं राहायचं म्हटल्यावर आईने एक लाकडी फळी आणि त्यावर अंथरायला जुनी रबरी चटई काढून दिली. जीपचीच.

मिग घ्यायचं ठरलं. या शब्दापाशी मी थोडा थांबतो. नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला मिग म्हटलं की ओझर आठवतं. १९६४ साली तिथे विमानांचा कारखाना उभा राहिला आणि रशियन आराखड्याची मिग-२१ इथे बनू लागली. आमचे एक मामा तिथे रिव्हेट मारत. आकाशात गडगडाट झाला की आम्ही मुलं अंगणात धावायचो आणि आजी म्हणायची, तुझ्या मामाचं विमान. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१चा निरोपसमारंभ झाला, तो आम्ही घरात टीव्हीसमोर बसून पाहिला. मामा काहीच बोलले नाहीत. दुकानातलं मिग अगदी निराळं, त्यातली अक्षरं धातू आणि निष्क्रिय वायू यांची. तरी त्या डब्यावर तो शब्द वाचताना मला अंगणात धावल्यासारखंच झालं.

या मिगमध्ये रॉड नसतो. आठ दशांश मिलिमीटरची, तांब्याचा मुलामा दिलेली तार रिळावरून उलगडत टॉर्चच्या तोंडातून बाहेर येते, आणि तिच्याभोवती वायू वाहतो. दाभण जाऊन हातात सुई आली. प्रश्न उरला तो वायूचा. कार्बन डायऑक्साइड स्वस्त, पण आर्क थोडा कडक, ठिणग्या फार. त्यात आर्गॉन मिसळलेलं असलं तर पाणी शांत राहतं, पातळ पत्र्याला मानवतं, खर्च मात्र वाढतो. तिसरी वाट बिनवायूच्या तारेची. तिच्या पोटातच भुकटी भरलेली असते, सिलिंडर नको, वाराही चालतो. ब्रह्मगिरीवरून उतरणारा आमचा वारा बघता हीच घ्यावी असं दुकानदारही म्हणाला. पण ती जरा तापट. साध्या पत्र्याला ठीक, झिजलेल्याला नाही, आणि माझा पत्रा झिजलेलाच होता. मी वायूची वाट धरली आणि शेडच्या उघड्या बाजूंनाही ताडपत्री बांधली. एक काळजी घेतली. दोन्ही तारांना विजेची टोकं एकमेकींच्या उलट लागतात, तेव्हा टोकं आतून बदलता येतील असंच मशीन घेतलं. स्वस्तातल्या काहींत ती सोय नसते.

मशीनला अठरा हजार पडले. खर्च तिथे संपेल ही माझी समजूत होती. सिलिंडरची अनामत, रेग्युलेटर, आपोआप काळी होणारी काच, चामडी हातमोजे, ग्राइंडरच्या चकत्या मिळून जवळपास तेवढेच पुन्हा गेले. मशीन घेऊ म्हणणाऱ्याने पहिल्या दिवशीच दुप्पट आकडा मनात धरावा.

पत्रा घेताना मोह झाला होता. दुकानदार म्हणाला, जीआय घ्या, गंजणार नाही. जस्ताचा मुलामा, त्र्यंबकच्या पावसात याहून चांगलं काय? मिस्त्रींनी फोनवरच अडवलं. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड वितळतं १५३८ला. लोखंडाचं पाणी होण्याआधी जस्ताचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरते. "आम्ही दूध प्यायचो आणि समजायचो की उतरलं," ते म्हणाले. "काही उतरत नाही. तू साधा सीआर घे, वीस गेजचा. गंज नंतर रंगाने रोखू."

रात्री निजायच्या आधी मी सांध्यांबद्दल विचार करत पडायचो. लहानपणी घिसाडी यायचे, रस्त्याकडेला पाल टाकायचे. बैलगाडीच्या चाकाची धाव सांधायची तर पट्टीची दोन टोकं भट्टीत पांढरीफटक करायची, वर टाकणखार भुरभुरायचा, आणि ऐरणीवर बाईने घण घालायचा. घिसाड्याच्या संसारात घण बाईचा. टाकणखार कशाला, हे तेव्हा कळलं नव्हतं. तापलेल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर पापुद्रा धरतो आणि सांधा कच्चा राहतो. टाकणखार त्या क्षणापुरती हवा दूर ठेवतो. ऑस्कर शेलबर्ग नावाचा एक स्वीडिश इंजिनिअर जहाजांच्या बॉयलरच्या गळत्या दुरुस्त करत होता. विजेने जोडलेला सांधाही हवेने ठिसूळ होतो हे पाहून त्याने लोखंडी सळीवर लेप चढवला. त्याची कंपनी १९०४ सालची. आपल्याकडे १९५१ साली निघालेल्या अडवाणी-ओर्लिकॉनने असे लेपाचे रॉड बनवले, आणि अजूनही जुने मिस्त्री दुकानात अडवाणीचा रॉड मागतात. लेप जळून धूर होतो, धूर पाण्यावर छत्र धरतो. माझ्या सिलिंडरमधला वायूही तेच करतो. घिसाड्याची ती बाई, गळती शोधत बॉयलरपाशी वाकलेला तो स्वीडिश माणूस, आणि ताडपत्रीच्या गाठी पुन्हा पुन्हा आवळणारा मी, तिघांनाही एकच चिंता. जुळण्याच्या त्या घटकेला वारा लागू नये.

श्रावण लागला तेव्हा काम सुरू केलं. डिझेलची टाकी काढून परसात लांब नेऊन ठेवली. बॅटरीची दोन्ही टोकं सोडली. तळाला बाबांनी कधीकाळी मारून घेतलेला डांबरी लेप होता. तो खरवडायला दोन दिवस लागले, कारण तो पेटतो आणि खालून पेटलेलं वरून दिसत नाही. वाळूची बादली, पाण्याची बादली. मेलेला पत्रा कापत कापत खणखणीत आवाजापर्यंत गेलो, पुठ्ठ्याचा बेत कापला, त्यावरून ठिगळ कापलं. मी एका कडेपासून सरळ धावत सुटणार होतो. आईने पुन्हा चष्म्यावरून पाहिलं.

"आधी चार कोपरे धर. मग मधले. एका बाजूने शिवत गेलास तर कापड सरकतं आणि शेवटी फुगा येतो."

पत्र्याचंही तेच होतं. उष्णतेने एक बाजू ताणली की दुसऱ्या टोकाला फुगा येतो. चार कोपऱ्यांना चार टाके, मग समोरासमोर, मग मधोमध. एक टाका, थांबायचं, हात लावून बघायचं, कोमट झाला की दूरचा दुसरा. काचेआड अंधार आणि त्या अंधारात मसुराएवढं तळं. टॉर्चचा तो बारीक चरचराट तेलात मोहरी टाकल्यासारखा. ज्वारीएवढे, मग बाजरीएवढे टाके येऊ लागले. एका ठिकाणी बाबांच्या टाचेने झिजून पत्रा चकचकीत झालेला होता. गंजलेला नव्हता, शाबूत होता. तो तुकडा मी कापला नाही. त्याच्या कडेकडेने ठिगळ वळवून घेतलं. त्यासाठी पुठ्ठा तीनदा कापावा लागला.

तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्री शेवटचा टाका पडला. बाहेर ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली माणसं रस्ता भरून चालली होती. अनवाणी पावलांचा आवाज, प्लॅस्टिकच्या इरल्यांची सळसळ, मधूनच कुणीतरी भोलेनाथाचा गजर करी आणि तो गल्लीतून पुढे पुढे जात राही. मशीनचा पंखा बंद झाला. मी शेडमधला दिवा मालवला, पिवळा बल्ब लांब वायरीने जीपच्या खाली सरकवला आणि आत चढून, गुडघ्यांवर बसून, डोळे अंधाराला सरावू दिले.

आई ताडपत्री बाजूला करून आत डोकावली. "झालं का बुजवून?"

"तीन ठिकाणी उजेड दिसतोय अजून."

सुईच्या टोकाएवढे तीन ठिपके. मी खडू मागितला. तिने आत हात करून दिला. एकेका ठिपक्याभोवती मी गोल केला.